स्वतःच्या अंगावर आधी लस टोचून घेणारे हाफकिन

बारामती/इंदापूर : पोलिओ रविवारी आशाताई निळा डबा खांद्याला अडकवून वस्तीवर येतात. बागायतदाराचं घर असो की ऊसतोड कामगारांची कोपी, लेकराच्या तोंडात तेच दोन थेंब पडतात. पोलिओची लस बनवणाऱ्या, मुंबईच्या परळमधील सरकारी महामंडळाला नाव आहे हाफकिन. हे हाफकिन कोण, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, ज्यू कुटुंबात झाला. ते दवाखान्यातले डॉक्टर नव्हते, जंतूंचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना आधी ग्रंथालयात काम मिळालं. तिथेच त्यांनी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. सरकारने हाफकिन यांना बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावरच काम सुरू झालं. मांसाच्या रश्शात तुपाचे थेंब सोडून त्याखाली ते प्लेगचे जंतू वाढवत. मग उष्णता देऊन जंतू मारत. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीराला रोगाशी लढायला शिकवतात. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचली. नंतर भायखळा तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. ज्यांनी लस घेतली, त्यांच्यात प्लेग कमी झाला.

त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातलं. रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून होणाऱ्या झडत्यांमुळे लोक सरकारवर चिडलेले होते. अशा वेळी सुईवर विश्वास बसणार तरी कसा? त्यामुळे लस सापडली, तरी ती गावोगाव पोचवणं आणि लोकांच्या गळी उतरवणं हे वेगळंच काम होऊन बसलं.

१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावात लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला, काम गेलं. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असं पुढे चौकशीतल्या पुराव्यावरून दिसलं. नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. ते पुन्हा भारतात, कलकत्त्याला कामावर आले. पण ती पाच वर्षं कुणी परत दिली नाहीत.

परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचं निधन झालं.

२०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यामागे जशी प्रयोगशाळा होती, तसाच बर्फ घातलेला डबा, स्वच्छ हात आणि वस्तीवस्तीवर चालत गेलेल्या बायाही होत्या. मुल्कोवालात चूक झाली ती याच शेवटच्या टप्प्यावर. म्हणून उपकेंद्रातल्या सिस्टरने लसीची बाटली उघडण्याआधी तारीख पाहिली, नवी सुई काढली, तर थोडा वेळ लागू द्यावा. आणि बाळाचा डोस चुकवू नये.