पाच मैलांच्या परिघातले घर

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या आणि घरांची कौले व पत्रे उडवून नेले. वाड्या पुन्हा उभ्या राहण्यास वर्षे लागणार, हे उघड होते. घरांचे काय करावयाचे, याचे उत्तर मात्र अनेकांना सोपे वाटते : कौले काढावीत, स्लॅब टाकावा, की प्रश्न मिटला! वस्तुतः खरा प्रश्न तेथेच सुरू होतो. खेड्यातले घर कशाचे बांधावे, ते कोणी बांधावे आणि त्यावर खर्च होणारा पैसा कोणाच्या हाती जावा, हा तो प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या लॉरी बेकर यांचे चरित्र या दृष्टीने मननीय आहे.

बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी त्याच शहरात घेतले. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती संप्रदायाचे अनुयायी होते. दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांनी बंदुकीऐवजी शुश्रूषेचे काम पत्करले आणि त्या कामाने त्यांना चीनमध्ये नेले. तेथे कुष्ठरोग्यांची सेवा करीत असताना, महाविद्यालयात कधीच न शिकविले गेलेले एक शास्त्र त्यांच्या नजरेस पडले. ते होते सामान्य माणसाने स्वतःसाठी बांधलेल्या घराचे शास्त्र.

पारंपरिक चिनी घराची रचना मराठी वाचकाला, विशेषतः कोकणी माणसाला, परकी वाटू नये. छपराचा भार लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर. भिंती मातीच्या, विटांच्या वा दगडाच्या, जे जवळ मिळेल त्याच्या. वर उतरते छप्पर आणि त्यावर अर्धगोल कौले. मध्ये उजेड आणि वारा देणारा चौक. आपल्याकडील जांभ्याच्या चिऱ्यांचे, नळीच्या कौलांचे, ओटी-माजघर-पडवीचे घर याच विचाराचे अपत्य आहे. या दोन परंपरांनी एकमेकींची नक्कल केली असे नव्हे. जवळचे साहित्य, स्थानिक हवामान आणि गावचा कारागीर या तिन्हींचा हिशेब मांडला, की दूरदूरची माणसेही सारख्याच उत्तराला येऊन पोहोचतात.

युद्धाच्या उत्तरार्धात मायदेशी परतताना बेकर यांना बोटीची वाट पाहत मुंबईत थांबावे लागले. तेथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. टाकाऊ कापडापासून चिनी पद्धतीने शिवलेले बेकर यांचे जोडे गांधीजींच्या नजरेत भरले, असे सांगतात. आदर्श खेड्यातील घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्याचेच असावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या मनात कायमचा रुजला. १९४५ साली ते कुष्ठरोग्यांच्या संस्थांचे वास्तुशिल्पकार म्हणून भारतात परतले, १९४८ साली केरळच्या डॉक्टर एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाहबद्ध झाले, आणि दांपत्याने हिमालयाच्या कुशीत पिथौरागड येथे घर व रुग्णालय उभारून दीड दशक काढले. तेथील गवंड्यांपुढे आपले पदवीचे ज्ञान तोकडे आहे, हे ओळखण्याइतका विनय बेकर यांच्यापाशी होता. त्यांचे खरे शिक्षण तेथेच झाले.

१९६३ साली हे कुटुंब केरळात आले. पुढे अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी तिरुवनंतपुरम येथे विकास अध्ययन केंद्र स्थापन केले तेव्हा त्याच्या इमारतींचे काम बेकर यांच्याकडे सोपविण्यात आले. न गिलावलेल्या विटांच्या भिंती, खिडक्यांऐवजी विटांच्या जाळ्या आणि टेकडीचा उतार न मोडता बसविलेल्या वास्तू, असे त्या संकुलाचे रूप आहे. विटा निजवून रचण्याऐवजी कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली, तर सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि भिंत थंड राहते. स्लॅबच्या ज्या भागात काँक्रीट भार पेलण्यास उपयोगी नसते तेथे कौले भरली, तर सिमेंट व लोखंड दोन्ही वाचतात. सिमेंट त्यांना वर्ज्य नव्हते. त्याची उधळपट्टी वर्ज्य होती.

यातील अर्थशास्त्र साधे आहे. सिमेंट आणि लोखंड यांवर खर्च झालेला रुपया त्याच दिवशी गाव सोडतो. चिरेखाणीतला मजूर, गवंडी, सुतार यांच्या हाती पडलेला रुपया मात्र गावच्या बाजारात फिरत राहतो. घर स्वस्त झाले, एवढ्यानेच बेकर यांचे समाधान होत नसे; खर्चातील मोठा वाटा श्रमाला मिळावा, असा त्यांचा कटाक्ष होता. अच्युत मेनन, राज आदींच्या सहकार्याने १९८५ साली स्थापन झालेल्या 'कॉस्टफोर्ड' या संस्थेने हेच काम पुढे नेले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ एप्रिल २००७ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

एवढा मान मिळूनही बेकर यांचा मार्ग अपवादच का राहिला? ज्या व्यवसायात मोबदला बांधकामाच्या खर्चाच्या टक्केवारीवर ठरतो, तेथे खर्च कमी करणाऱ्याला तोटाच होतो. ठेकेदाराला एकसाची काम सोयीचे पडते. घरमालकालाही स्लॅब म्हणजे प्रतिष्ठा वाटते. हा शेवटचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कौले परतावी लागतात, लाकूड महागले आहे, माणसे मुंबईला गेली आहेत आणि वादळात कौले उडाली, हे सारे खरे आहे.

परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेत निकृष्ट स्लॅबमधील लोखंड गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा जुने घर की स्लॅब, हा पेच मुळातच चुकीचा आहे. छपराचा सांगाडा भिंतींना आणि जोत्याला नीट जखडणे, पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधणे, कौले पक्की बसविणे, हे उपाय गावच्या गवंड्या-सुताराला शिकविता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरामागे १ लाख २० हजार रुपयांचे साह्य ठरले. तेवढ्या रकमेत निभावणारे, किनाऱ्याला साजणारे घराचे नमुने आखणे आणि कारागिरांना त्यांचे शिक्षण देणे, हे काम अभियांत्रिकी महाविद्यालये व जिल्हा परिषद यांनी मिळून करण्याजोगे आहे. तसे झाले नाही, तर पुढच्या वादळानंतर दिवेआगरला पुन्हा घरे बांधावी लागतील, आणि तो पैसाही पुन्हा गावाबाहेरच जाईल.