वाटाणा आणि जादूगार

मी बिरसाचा. आमच्याकडे सिनेमा म्हणजे मोबाईलच. विज्ञानपटांचं मला जाम वेड, आणि देशी सिनेमातल्या करामतींना हसायची सवयही होती. दादासाहेब फाळक्यांविषयी वाचलं आणि ती मोडली.

३० एप्रिल १८७० ला त्र्यंबकेश्वरला जन्म. जे. जे.मध्ये चित्रकला, पुढे फोटोग्राफी, छपाई आणि चक्क जादूचे प्रयोग! आडनाव उलटं करून ते प्रोफेसर केळफा झाले. मुंबईत येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि चाळिशीत नवं खूळ डोक्यात शिरलं. सिनेमे पाहून पाहून दृष्टी गेली, उपचारांनी परत आली. विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं.

परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरला. महिनाभर रोज थोडी थोडी चित्रं टिपली. पडद्यावर मात्र रोप बघता बघता वर आलं! ते पाहून भांडवल मिळालं, सरस्वतीबाईंनी दागिने दिले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला, १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. पण बोलपट आले आणि दादासाहेब मागे पडले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला गेले.

‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मधली (१९८०) ती अजस्र चालती यंत्रं माझी लाडकी. तीही एकेक चौकट टिपूनच चालवलेली. म्हणजे तीच युक्ती आपल्या माणसाने ६८ वर्षं आधी एका वाटाण्यावर केली होती! मित्रांनो, आता देशी करामत फसलेली दिसली, तरी हसण्याआधी मला ती कुंडी आठवते.