नोंदवहीतले पहिले नाव

परदेशी निघालेल्या परिचारिका नोंदणीची कागदपत्रे जमवताना मेटाकुटीला येतात. ही नोंदणी आली कुठून?

एथेल मॅन्सन यांचा जन्म १८५७ चा, स्कॉटलंडमधला. नॉटिंगहॅम आणि मँचेस्टरला शिकून त्या चोविसाव्या वर्षी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात मेट्रन झाल्या. १८८७ मध्ये डॉ. बेडफर्ड फेनविक यांच्याशी लग्न झाल्यावर त्यांनी पद सोडले, काम नाही. त्या काळी कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेई. चुकीची किंमत रुग्ण मोजी. म्हणून तीन वर्षांचे प्रशिक्षण, परीक्षा आणि सरकारी नोंदणी हवी, असा त्यांचा आग्रह होता. खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल विरोधात होत्या. परिचारिकेचे गुण परीक्षेत मोजता येत नाहीत, असे त्यांना वाटे.

१८९९ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद स्थापण्यात एथेल पुढे होत्या. तीस वर्षांच्या झगड्यानंतर १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये कायदा झाला. १९२१ मध्ये उघडलेल्या नोंदवहीत पहिला क्रमांक त्यांचा. १९४७ मध्ये त्या वारल्या.

आज ब्रिटनला जाणाऱ्या आपल्या परिचारिकेला इंग्रजी, ज्ञान आणि प्रत्यक्ष कौशल्य सिद्ध करावे लागते. जाच वाटतो खरा. पण खाटेवरच्या रुग्णाला समोरची परिचारिका अनोळखी असते. त्याला आधार त्या नोंदणीचाच.