द्विपंखी कीटकांचा नामकर्ता : योहान विल्हेल्म मायगेन

रिकामटेकड्या मनुष्याविषयीं बोलतांना, तो माशा मारीत बसला आहे, असें आपण सहज म्हणतों. नक्कल करणाऱ्या एका कारकुनानें मूळ कागदावर चिकटलेली माशी पाहून आपल्या कागदावरही त्याच जागीं माशी चिकटविली, या गोष्टीवरून मक्षिकास्थाने मक्षिका ही म्हणही आपल्या भाषेंत रूढ झाली आहे. आळस आणि आंधळें अनुकरण या दोन दोषांशीं आपण माशीचें नांव असें कायमचें जोडून ठेविलें आहे. परंतु एका गरीब शाळाशिक्षकानें आपल्या आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें माशा धरण्यांत, न्याहाळण्यांत व त्यांचीं वर्णनें लिहिण्यांत वेंचिलीं. आणि त्याच्याइतका उद्योगी व दुसऱ्याच्या शब्दावर न विसंबतां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणारा मनुष्य विरळाच. योहान विल्हेल्म मायगेन हें त्याचें नांव.

जर्मनींत ऱ्हाईन नदीच्या प्रदेशांत झोलिंगेन नांवाचें गांव आहे. तेथील तलवारी व सुऱ्या फार काळापासून प्रसिद्ध आहेत. या गांवीं ३ मे १७६४ रोजीं मायगेनचा जन्म झाला. आठ भावंडांत तो पांचवा. वडिलार्जित शेतवाडी होती. पण युद्धकाळांतील कर्ज आणि त्यावर नापिकी, यांमुळें ती विकावी लागली व कुटुंब पुन्हां गांवांत येऊन राहिलें. मुलाला शाळेचा लाभ थोडाच काळ झाला. परंतु ज्याला शिकावयाचें आहे त्याला गुरु भेटतात. घरांत भाड्यानें राहणाऱ्या एका भूमापकानें त्याला गणित शिकविलें. चर्चमध्यें ऑर्गन वाजविणाऱ्या एका शिक्षकानें संगीत, सुंदर अक्षर व पुढें फ्रेंच भाषा यांचे धडे दिले. पुढील आयुष्यांत याच तीन-चार विद्यांवर त्याचा उदरनिर्वाह चालला.

वयाच्या विसाव्या वर्षीं तो आखेन शहरांतील एका कुटुंबांत मुलांचा शिक्षक म्हणून राहिला. तेथें फुलपांखरें जमविणाऱ्या लोकांशीं त्याचा परिचय झाला व कीटकांचा नाद जडला. परंतु फुलपांखरांचे चाहते पुष्कळ होते. माशांकडे पाहणारा मात्र कोणी नव्हता. स्वीडनमधील थोर शास्त्रज्ञ लिनियस याच्या ग्रंथाची जर्मन आवृत्ति हातीं घेऊन मायगेन आपण पकडलेल्या माशा ताडून पाहूं लागला, तेव्हां त्यांपैकीं कितीएकींचें नांवच ग्रंथांत नाहीं, असें त्याच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या एखाद्यानें पुस्तक प्रमाण मानून माशा फेंकून दिल्या असत्या. मायगेननें माशा प्रमाण मानल्या.

येथें विषय समजण्यासाठीं थोडें विवेचन केलें पाहिजे. माशी, डांस, चिलट, गोमाशी हे सर्व एकाच गणांतले कीटक होत. इतर बहुतेक पंखवाल्या कीटकांस चार पंख असतात, यांस दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागीं टांचणीसारखे दोन बारीक अवयव असून ते उडतांना तोल सांभाळतात. म्हणून या गणास द्विपंखी म्हणतात. लिनियसनें १७५८ सालीं या सर्वांची वांटणी अवघ्या १० प्रजातींत केली होती. प्रजाति म्हणजे एकमेकींशीं निकटचें साम्य असलेल्या अनेक जातींचा समूह. पुढें फॅब्रिशियस या पंडितानें केवळ मुखावयवांवरून कीटकांचें वर्गीकरण केलें. परंतु जी माशी सारीच दोन-तीन मिलिमीटर लांब, तिच्या तोंडाचे भाग अलग करून पाहणें किती अवघड! मायगेननें निराळा मार्ग धरिला. पंखांवरील शिरांची मांडणी, डोक्यावरील शृंगिकांचा आकार, डोळे, पाय, पोट असा सर्व देह तो पाही, आणि सर्व लक्षणें मिळून ज्या एकमेकींच्या आप्त ठरतील त्यांस एकत्र ठेवी. एकाच गुणावरून मनुष्याची परीक्षा करूं नये, हा व्यवहारांतला नियमच त्यानें शास्त्रांत आणिला, असें म्हटलें तरी चालेल.

या पद्धतीचा लाभ शिकारी माशांच्या बाबतींत विशेष दिसून येतो. दुसऱ्या कीटकांवर उडतां उडतां झडप घालून सोंडेनें त्यांचा रस शोषणाऱ्या कांहीं माशा आहेत. त्यांस इंग्रज लोक दरोडेखोर माशा म्हणतात. अशा माशांसाठीं लिनियसची असायलस ही एकच प्रजाति होती. मायगेननें १८०३ सालीं त्यांच्यांत लाफ्रिया, डॅसिपोगॉन, डायोक्ट्रिया व लेप्टोगॅस्टर अशा नव्या प्रजाति दाखविल्या. लाफ्रिया धिप्पाड व केसाळ, भुंग्यासारखी भासणारी. लेप्टोगॅस्टर काडीसारखी सडपातळ. पंखाच्या पुढच्या कडेजवळचें घर शिरांनीं मिटलेलें आहे कीं उघडें आहे, ही खूण त्यांस ओळखतांना अभ्यासक आजही पाहतात. झाडाच्या बुंध्यावर मुंगीसारखी तुरुतुरु धांवून बारीक कीटक पकडणारी टॅकिड्रोमिया त्यानें त्याच वर्षीं वेगळी केली. पुढें १८२२ सालीं हिलारा व १८२६ सालीं सीनोसिया हीं नांवें दिलीं. हिलाराचा नर पाण्यावर घिरट्या घालून भक्ष्य पकडतो, पुढच्या पायांतून निघणाऱ्या रेशमाच्या धाग्यांनीं तें गुंडाळतो आणि मादीला भेट म्हणून देतो. सीनोसियाची एक जाति कांचगृहांतील भाजीपाल्यावरच्या पांढऱ्या माशीचा फडशा पाडते, म्हणून ती शेतकऱ्याची मित्र ठरली आहे. ज्या जिवांस आपण सरसकट माशी म्हणून हातानें वारतों, त्यांच्यांत इतके भेद आणि इतकें चातुर्य विधात्यानें ठेविलें आहे.

मायगेनचा आरंभ मात्र निर्विघ्न झाला नाहीं. १८०० सालीं पॅरिस येथें त्याची एक छोटी फ्रेंच पुस्तिका प्रसिद्ध झाली. तींत प्रजातींचीं नांवें व अल्प लक्षणें होतीं. परंतु प्रत्येक प्रजातींत कोणत्या जाति मोडतात तें सांगितलेलें नव्हतें. उदाहरणावांचून दिलेलें नांव ओळखावें कसें? पुस्तिका विस्मृतींत गेली, आणि १८०३ सालीं त्यानें स्वतःच बहुतेक प्रजातींस दुसरीं नांवें दिलीं. १९०८ सालीं हेंडेल नांवाच्या अभ्यासकानें ती पुस्तिका पुन्हां उजेडांत आणिली, तेव्हां जुनीं नांवें खरीं कीं नवीं, असा वाद माजला. १९६३ सालीं प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगानें ती पुस्तिका नामकरणापुरती रद्द ठरविली, तेव्हां कोठें तो मिटला. नांव देणें ही केवळ हौस नसून एक जबाबदारी आहे, हें यावरून दिसतें.

१७९६ पासून मृत्यूपर्यंत मायगेन आखेनजवळच्या श्टोलबर्ग या लहान गांवीं राहिला. तो मुलुख प्रथम फ्रेंचांच्या ताब्यांत होता व १८१५ सालीं प्रशियाकडे गेला. राज्यें बदललीं, पण शिक्षकाची ओढाताण तीच राहिली. कोणत्याही विश्वविद्यालयांत त्याला आसन नव्हतें. फ्रेंच, चित्रकला व संगीत यांच्या शिकवण्या कराव्या, नकाशे काढून द्यावे, आणि उरलेल्या वेळांत भिंग घेऊन बसावें, असा त्याचा क्रम होता. कील येथील वैद्यकाचे प्राध्यापक वीडेमान यांनीं त्याची योग्यता ओळखून त्याला धीर दिला. वीडेमान यांनीं युरोपाबाहेरील द्विपंखी कीटकांवर ग्रंथ लिहिला, तर युरोपांतील कीटकांचा भार मायगेननें उचलला.

त्याच्या महाग्रंथाचा पहिला भाग १८१८ सालीं निघाला. तेव्हां त्याचें वय ५४ वर्षांचें होतें. सातवा व अखेरचा भाग १८३८ सालीं निघाला, तेव्हां तो ७४ वर्षांचा झाला होता. वीस वर्षांत सात भाग, आणि त्यांत हजारों जातींचीं वर्णनें! शिवाय त्यानें या कीटकांचीं रंगीत चित्रें आपल्या हातानें काढिलीं. त्यांचे ३०५ फलक आहेत. छापण्यास पैसा नसल्यानें तीं त्याच्या हयातींत तशींच राहिलीं. उतारवयांत त्याचा कीटकसंग्रह व हीं चित्रें पॅरिसच्या संग्रहालयाकडे गेलीं, आणि त्याच्या मृत्यूनंतर सुमारें १३० वर्षांनीं, १९७५-७६ सालीं, तीं छापून प्रसिद्ध झालीं. आयुष्याच्या अखेरीस बॉन विश्वविद्यालयानें त्याला सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. ११ जुलै १८४५ रोजीं श्टोलबर्ग येथेंच त्याचा अंत झाला.

आतां कोणी विचारील कीं, माशांस नांवें देऊन जगाचें काय हित झालें? त्याचें उत्तर आपल्याच देशांत मिळतें. १८१८ च्या पहिल्या भागांत मायगेननें डांसांची एक प्रजाति वेगळी करून तिला ॲनॉफिलीस हें नांव दिलें. या ग्रीक शब्दाचा अर्थ निरुपयोगी असा आहे. पुढें २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डॉक्टर रोनाल्ड रॉस यांस एका डांसाच्या जठरांत हिंवतापाचे जंतु दिसले. पण त्या डांसाचें शास्त्रीय नांव त्या वेळीं त्यांस ठाऊक नव्हतें. ठिपकेदार पंखांचा डांस एवढीच ओळख ते देऊं शकले. १८९८ सालीं इटलींत ग्रासी व त्यांचे सहकारी यांनीं मनुष्यास हिंवताप देणारे डांस ॲनॉफिलीस प्रजातीचे आहेत, असें निश्चित केलें. शेंकडों प्रकारच्या डांसांतून खरा अपराधी कोणता, हें कळल्यावांचून त्याचा बंदोबस्त करतां आला नसता. आणि त्याला ओळखण्याची खूण श्टोलबर्गच्या शिक्षकानें ऐंशीं वर्षांपूर्वींच लिहून ठेविली होती.

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या चिलटांचीही अशीच कथा. त्यांतील एका जातीचें मेलानोगॅस्टर, म्हणजे काळ्या पोटाचें, हें नांव मायगेननें १८३० सालीं ठेविलें. याच चिलटांवर प्रयोग करून अमेरिकेंतील मॉर्गन यांनीं आनुवंशिकतेचे नियम उलगडले व १९३३ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. कोणत्या कामाचें फळ कोठें व केव्हां पिकेल, हें काम करणाऱ्यास दिसतेंच असें नाहीं. मायगेनला यांतील कांहींही दिसलें नाहीं. त्यानें फक्त आपलें वर्णन चोख केलें.

पवित्र शास्त्राच्या आरंभींच आदामानें पशुपक्ष्यांस नांवें ठेविल्याची कथा आपण वाचतों. तें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं. आजही दरवर्षीं नव्या माशांचीं वर्णनें प्रसिद्ध होतात. विद्यार्थिमित्रहो, पावसाळा सरतां सरतां शेताच्या बांधावर किंवा कुंपणाच्या टोंकावर दबा धरून बसलेली, दाढीमिशांची एखादी दरोडेखोर माशी आपल्या मुलुखांतही दृष्टीस पडते. ती दिसली तर हात उगारूं नका. जवळ जा, श्वास रोखून पाहा, आणि घरीं आल्यावर जें दिसलें तेवढेंच वहींत नीट लिहून ठेवा. आईबापांसही विनंति कीं, मूल असें पाहत बसलें असतां, माशा मारतोस काय, असें त्याला म्हणूं नये.