धम्मासाठी पायी नेपाळ

माटुंग्याहून जवळच परळच्या कामगार वस्तीत आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 1937 च्या सुमारास बहुजन विहार काढला. त्याआधीची त्यांची वाट फार लांबची.

1876 साली पोर्तुगीज गोव्यात सांखवाळला, सारस्वत ब्राह्मण घरी त्यांचा जन्म झाला. शिक्षण जेमतेम. एका मासिकातले बुद्धचरित्र वाचले आणि ध्यास लागला. 1899 च्या अखेरीस घर सोडले; मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. त्या माउलीने काय सोसले, तेही ध्यानात ठेवावे.

पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीस संस्कृत शिकले, अन्नछत्रात जेवले. नेपाळात धम्म जिवंत आहे असे ऐकून 1902 साली सरहद्द ओलांडली. काठमांडूला तेव्हा मोटाररस्ता नव्हता; तराई आणि डोंगर पायीच तुडवायचे. एवढे करून, ज्या देशात लुंबिनी आहे तिथेच धम्म शिकवणारा भेटेना! निराश होऊन ते परतले, पण घरी नव्हे, बुद्धगयेस. तिथून सिलोन गाठले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले, श्रामणेर झाले.

रोहिणीच्या पाण्याचा तंटा आणि सिद्धार्थाचा गृहत्याग यांचा संबंध मराठीत त्यांनी जोडला. बाबासाहेबांच्या ग्रंथात तो आपण वाचतो.