विश्लेषण : धुळ्याच्या नदीपात्रापासून भद्रावतीच्या भट्टीपर्यंत… विश्वेश्वरय्यांचे आयुष्य पाण्याच्या नळाशी कसे जोडले गेले?

दरवर्षी १५ सप्टेंबरला अभियंता दिनाच्या शुभेच्छांबरोबर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा फेटेवाला फोटो मोबाइलवर फिरतो. सोबत रेल्वेची साखळी ओढल्याची ती नेहमीची गोष्ट. कृष्णराज सागर धरण आणि म्हैसूरचे दिवाणपद ही त्यांची ओळख बहुतेकांना माहीत असते. मात्र त्यांच्या नोकरीतील पहिल्या कामांपैकी एक काम नळ टाकण्याचे होते, त्यांची अनेक वर्षे शहरांना पाणी देण्यात आणि सांडपाणी बाहेर काढण्यात गेली, आणि उतारवयात त्यांनी सांभाळलेल्या कारखान्यात बिडाचे नळच ओतले गेले, हे फारसे सांगितले जात नाही. त्यातली बरीचशी कहाणी महाराष्ट्रात घडली.

पुण्यात कसे आले?

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६० चा, बंगळूरुजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. याच वर्षी मुंबईला विहार तलावाचे पाणी मिळू लागले. त्यासाठीचे लोखंडी नळ इंग्लंडहून जहाजाने आले होते. एवढे मोठे नळ ओतणारा कारखाना त्या वेळी आपल्याकडे नव्हता.

वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुलगा शाळेत असतानाच ते गेले. शिकवण्या करून विश्वेश्वरय्या बंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’त आले. १८८३ मध्ये एलसीई परीक्षेत ते पहिले आले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि ते नाशिक, खानदेश भागात रुजू झाले.

धुळ्याजवळ नेमके काय घडले?

धुळे जिल्ह्यात दातर्ती गावाजवळ पांझरा नदीवरच्या पाटाचे पाणी एका प्रवाहापलीकडे न्यायचे होते. पूल बांधून वरून नेण्याऐवजी नळ खाली उतरवून, प्रवाहाच्या तळाखालून पलीकडे चढवायचा, असे काम होते. यालाच सायफन म्हणतात. पलीकडचे तोंड अलीकडच्यापेक्षा थोडे खाली असले की पंपाशिवाय पाणी पुन्हा वर येते. सांगायला सोपे, पण नळ सतत तुडुंब भरलेला राहतो आणि पाण्याचा सगळा दाब सर्वांत खालच्या सांध्यावर येतो. दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार टाकते. सांधा किंचित जरी सैल राहिला तरी पाणी बाहेर गळते, आणि वरून नदी वाहत असताना दुरुस्ती करता येत नाही.

पावसाळा सुरू झाला, खोदलेल्या चरात वाळू येऊन बसू लागली. काम पावसानंतर करावे, असे तरुण विश्वेश्वरय्यांनी वरिष्ठांना कळवले. कार्यकारी अभियंत्यांना त्यात बेशिस्त दिसली आणि त्यांनी तसा शेरा मारला. विश्वेश्वरय्यांनी मग वाद वाढवला नाही. पावसाशी झगडत, मध्येच पुरामुळे नदीच्या पलीकडच्या वस्तीत अडकून पडत, त्यांनी तो नळ बसवला. पुढे त्याच वरिष्ठांनी कामाची प्रशंसा केली. खरे तर तांत्रिकदृष्ट्या तरुण अभियंत्याचेच म्हणणे बरोबर होते. भर पावसात नदीपात्रात चर खोदायला आजही कोणी राजी होणार नाही. पण पहिल्याच वर्षी ‘काम टाळणारा’ असा शिक्का बसला असता, तर पुढची कहाणी कदाचित घडलीच नसती.

सक्करमध्ये गाळणीशिवाय स्वच्छ पाणी कसे मिळाले?

दहा वर्षांनी त्यांना सिंध प्रांतातील सक्करला पाठवण्यात आले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. गाव सिंधू नदीच्या काठावर, पण नदीचे पाणी गढूळ. ते गाळून देण्यासाठी मोठ्या गाळणटाक्या बांधायच्या, तर नगरपालिकेकडे पैसे नव्हते.

विश्वेश्वरय्यांनी नदीलाच गाळणी बनवले. काठाजवळ नदीच्या पात्रातच विहीर खणली. वाळूच्या थरांतून झिरपत विहिरीत येणारे पाणी नितळ असते. झऱ्याकाठी वाळूत खड्डा करून पाणी पिणाऱ्या आपल्याकडच्या गुराख्यांना हे नवीन नाही. पण शहराला पुरेल एवढे पाणी एका विहिरीत झिरपणार कसे? त्यासाठी विहिरीच्या तळापासून नदीपात्राखाली बोगदा नेला, म्हणजे झिरपायला जागा वाढली. हे पाणी पंपाने टेकडीवरच्या टाकीत चढवले आणि तिथून उताराने नळांवाटे गावात सोडले. १८९५ मध्ये ही योजना सुरू झाली. पुढे सुरतेला तापीच्या वाळूतून पाणी घेतानाही त्यांनी हीच रीत वापरली आणि १९०६ मध्ये एडनसाठी सल्ला देतानाही शहरापासून दूर नदीच्या वाळूतले पाणी आणण्याचा मार्ग सुचवला. एडनच्या कामानंतर त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले.

खडकवासल्याची दारे कशासाठी होती?

पुण्यातील वास्तव्य हा त्यांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत आनंदाचा काळ असावा. रानडे, गोखले यांच्याशी स्नेह, डेक्कन क्लबची उभारणी आणि जोडीला पाटबंधाऱ्याचे काम. खडकवासल्याच्या धरणावरून दर पावसाळ्यात जादा पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात शहर आणि कालवा दोघेही तहानलेले राहत. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर लोखंडी दारे बसवली. ती आठ फूट जादा पाणी अडवत. पाणी ठरलेल्या पातळीवर गेले की तरंगत्या वजनाच्या जोरावर दारे आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. रात्री-अपरात्री पुराच्या वेळी कोणी चाक फिरवायला हजर असण्याची गरज नव्हती. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराज सागरावरही अशीच दारे बसली.

नोकरी का सोडली?

मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनीअर म्हणून त्यांनी पाणीपुरवठा आणि सांडपाण्याची कामे पाहिली, नंतर अधीक्षक अभियंता झाले. त्यापुढचे पद मुख्य अभियंत्याचे, आणि ते भारतीयाला मिळण्याची शक्यता त्या काळी जवळजवळ नव्हती. १९०८ मध्ये, पंचवीस वर्षांची सेवा पुरी होण्याआधीच, त्यांनी बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. या निर्णयात कुठेही आदळआपट नव्हती. मुंबई इलाख्याने मात्र आपला सर्वांत कुशल पाणी-अभियंता ऐन उमेदीत गमावला.

हैदराबादने त्यांना का बोलावले?

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या पुराने हैदराबादमध्ये हजारो बळी घेतले. विश्वेश्वरय्या तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होते. निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहराच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारे दोन जलाशय बांधावेत, असे त्यांनी सुचवले. तेच आजचे उस्मान सागर आणि हिमायत सागर. पूर अडवणारे हे तलाव शहराचे पिण्याचे पाणीही झाले.

त्यांच्या अहवालात शहराच्या ड्रेनेजचाही विचार होता आणि १९२२ मध्ये ते याच कामासाठी पुन्हा हैदराबादला गेले. नळाने घरोघर पाणी आले की तेवढेच पाणी घाण होऊन बाहेर पडते. त्याला वाट नसेल तर ते गल्लीत साचते, जमिनीत मुरते आणि पिण्याच्या नळाशेजारी जाऊन बसते. नळात दाब असेपर्यंत पाणी फक्त बाहेर गळते. पुरवठा बंद झाला की रिकामा नळ फुटक्या सांध्यातून शेजारचे सांडपाणी आत ओढतो. तास-दोन तासच पाणी येणाऱ्या आपल्या शहरांत पावसाळ्यात काविळीची साथ एखाद्याच वस्तीत का उसळते, याचे उत्तर पुष्कळदा अशा एका सांध्यात सापडते. पाणी योजनेचे उद्घाटन आधी आणि ड्रेनेज ‘पुढच्या टप्प्यात’ हा आपला सरकारी शिरस्ता म्हणूनच महाग पडतो.

भद्रावतीत काय पणाला लागले होते?

१९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. कृष्णराज सागर, म्हैसूर बँक, म्हैसूर विद्यापीठ हा इतिहास अनेकदा सांगून झाला आहे. भद्रावतीचा लोखंड कारखाना मात्र त्यांच्या प्रतिष्ठेची खरी कसोटी ठरला.

मलनाडच्या भागात लोहखनिज होते, पण दगडी कोळसा नव्हता. जंगल मात्र अफाट होते. म्हणून लाकडाच्या कोळशावर भट्टी चालवायची आणि कोळसा करताना निघणारे स्पिरिट व इतर रसायने विकून खर्च भरून काढायचा, असा बेत होता. योजना आखली तेव्हा महायुद्धामुळे लोखंडाला भाव होता. जानेवारी १९२३ मध्ये भट्टी पेटली तेव्हा भाव कोसळले होते. कारखाना तोट्यात गेला आणि टीकाकारांनी हा दिवाणसाहेबांचा पांढरा हत्ती ठरवला. विश्वेश्वरय्या साठी ओलांडलेले, पद सोडलेले. तरीही त्यांनी मंडळाचे अध्यक्षपद घेतले आणि १९२९ पर्यंत कारखाना सांभाळला. खर्चाला कात्री लावली, परदेशी तज्ज्ञांच्या जागी स्थानिक अभियंते तयार केले.

नुसते कच्चे लोखंड विकून भागणार नव्हते. त्यातून वस्तू ओतून विकल्या तरच चार पैसे सुटणार होते. १९२०च्या दशकातच भद्रावतीत बिडाचे नळ ओतण्याचा विभाग सुरू झाला. मुंबईच्या विहार योजनेला जे नळ समुद्रापलीकडून आणावे लागले, तसे नळ आता देशातल्या खनिजातून, देशी कामगारांच्या हातून तयार होऊ लागले. अध्यक्षपदाचे थकीत मानधन विश्वेश्वरय्यांनी स्वतः घेतले नाही. त्यातून बंगळूरुला तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली.

बिडाचा पाइप जाऊन डीआय पाइप का आला?

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात वजनाने तीन ते चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. प्रत्येक पाकळी म्हणजे धातूच्या आत आधीच पडलेली एक बारीक चीर. म्हणून बीड गंजाला चिवटपणे तोंड देते, शंभर वर्षे टिकते, पण वरून जड ट्रक गेला, जमीन खचली किंवा व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला की वाकत नाही, काचेसारखे तडकते.

१९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस या धातुतज्ज्ञाने वितळलेल्या लोखंडात थोडे मॅग्नेशियम मिसळून पाहिले. ग्राफाइटच्या पाकळ्यांचे गोळे झाले. चीर गेली, ताकद आली. १९४८ मध्ये हा शोध जगासमोर आला आणि त्या लोखंडाला डक्टाइल आयर्न, म्हणजे ताणले तरी न तुटणारे लोखंड, असे नाव मिळाले. बीड एक टक्काही ताणले जात नाही. डीआय पाइपच्या धातूने तुटण्यापूर्वी, व्यासानुसार, दहा टक्क्यांपर्यंत ताण सोसावा अशी अपेक्षा असते. त्यामुळे त्याची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन कमी होते.

हा पाइप फिरत्या साच्यात ओततात. वितळलेला रस वेगाने फिरून साच्याच्या कडेला एकसारखा चिकटतो. आतून सिमेंटचा थर, बाहेरून जस्ताचा मुलामा. पूर्वी सांध्यात ताग ठोकून वर वितळलेले शिसे ओतावे लागे. आता रबरी कडे बसवून एक पाइप दुसऱ्यात ढकलला की झाले, आणि जमीन थोडी सरकली तरी सांधा काही अंशांनी वळून घेतो. पंपाने दाबाखाली सांडपाणी नेणाऱ्या वाहिन्यांसाठीही तो वापरतात, फक्त आतले सिमेंट आम्ल सोसणारे लागते. भारतात यासाठी आयएस ८३२९ हे मानक आहे. दातर्तीच्या सायफनला असा पाइप मिळाला असता, तर त्या पावसाळ्यात निम्मी चिंता कमी झाली असती.

अखेरची वर्षे कशी होती?

डक्टाइल आयर्नचा शोध जाहीर झाला तेव्हा विश्वेश्वरय्या ८७ वर्षांचे होते आणि कामातच होते. १९५१ मध्ये त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले, १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. १५ सप्टेंबर १९६० रोजी, त्यांच्या हयातीतच, टपाल खात्याने त्यांच्या शताब्दीचे तिकीट काढले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याची जुनी भिंतही गेली. पुण्याचे नळ कोरडे पडले. पुणेकर वाड्यातल्या विहिरींवर, पेशव्यांच्या काळातल्या हौदांवर आणि टँकरवर आले. त्या वेळी बंगळूरुला विश्वेश्वरय्या १०१व्या वर्षात होते. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीत आहे.