वॉल्टर बॅजट : पेढीवरचा संपादक

बँक अडचणीत आली की ठेवीदार दारात रांग लावतात आणि सरकारने ती वाचवावी अशी मागणी सुरू होते. वाचवायची ती कोणाच्या पैशाने, हा प्रश्न त्या गडबडीत मागे पडतो. दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये हा प्रश्न धरून बसलेल्या एका माणसाची ओळख आम्ही यावेळी करून देत आहोत.

वॉल्टर बॅजट यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८२६ रोजी इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या लँगपोर्ट या लहान गावी झाला. आईचे माहेर स्टकी घराण्यातले, आणि वडीलही स्टकींच्याच बँकेत. लंडनला गणित व तत्त्वज्ञान शिकून ते पुढे बॅरिस्टर झाले, पण वकिली केलीच नाही. आईला वेडाचे झटके येत, तिला सोडून दूर राहणे त्यांना जमेना. १८५२ साली ते गावी परतले आणि घरच्या बँकेत बसू लागले.

१८५८ साली ‘द इकॉनॉमिस्ट’चे संस्थापक जेम्स विल्सन यांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. हेच विल्सन पुढे हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य होऊन आले आणि १८६० मध्ये त्यांनी आपल्याकडे प्राप्तिकर आणला. त्याच वर्षी कलकत्त्यात ते वारले. १८६१ पासून पत्राची धुरा जावयाकडे आली, ती शेवटपर्यंत राहिली.

मग १८६६ साल उजाडले. ओव्हरएंड गर्नी ही लंडनमधली हुंड्या वटवणारी बडी पेढी. हुंडीचा धंदा म्हणजे काय ते इंदूर-ग्वाल्हेरच्या जुन्या घरांना सांगायला नको. या पेढीने धंद्याची शिस्त सोडून भलतीकडे पैसे अडकवले आणि बँक ऑफ इंग्लंडकडे हात पसरला. बँकेने वह्या तपासल्या आणि नकार दिला. १० मे रोजी सुमारे एक कोटी दहा लाख पौंडांचे देणे ठेवून पेढी बुडाली. दुसऱ्या दिवशी शहरभर घबराट पसरली. तेव्हा मात्र त्याच बँकेने चोख तारण आणणाऱ्यांना एका दिवसात चाळीस लाखांवर पौंड दिले. व्याजदर दहा टक्क्यांवर गेला आणि तीन महिने तिथेच राहिला.

बॅजट यांना हे दोन्ही पटले, आणि त्यांच्या विचाराचे मर्म आम्हाला इथेच दिसते. घबराटीत सशक्त पेढ्याही रोकड नसल्याने बुडू शकतात. त्यांना सढळ हाताने पैसे द्यावेत, पण चढ्या व्याजाने आणि तारण पाहून. जिची मालमत्ताच कुजली आहे तिला बुडू द्यावे. नाहीतर नालायक पेढी जगते आणि तिच्या जागी उभी राहू शकणारी चांगली पेढी मात्र उभीच राहत नाही. बँक ऑफ इंग्लंडचे माजी गव्हर्नर हँकी यांना एवढीही हमी नको होती. अडचणीत मदत मिळणार हे ठाऊक झाले की बाकीच्या बँका गाफील होतील, असे त्यांचे म्हणणे. ही भीती अगदीच खोटी नव्हती, असे आमचे मत. बॅजट यांनी ‘लोंबार्ड स्ट्रीट’ (१८७३) या पुस्तकात या वादाला सविस्तर उत्तर दिले.

त्याच सुमारास मुंबईतही कापसाची तेजी ओसरली होती. बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे भाग होते, सरकारने नेमलेले संचालक होते, तरी शेअर्सच्या तारणावर आणि कधी नुसत्या नावावर दिलेल्या कर्जांनी ती १८६८ साली मोडीत निघाली. सरकार आत बसले म्हणून बँक सुरक्षित, हा समज तिथे फुटला.

बॅजट संसदेत जाण्यासाठी अनेकदा धडपडले. लोकांनी निवडून दिले नाही. अर्थमंत्री मात्र सल्ला घ्यायला येत. सरकारने अल्पमुदतीचे कर्ज व्यापारी हुंडीच्या धर्तीवर काढावे ही सूचना त्यांचीच, आणि त्यातून ट्रेझरी बिल आले. २४ मार्च १८७७ रोजी लँगपोर्टलाच, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी ते वारले.

२००८ साली अमेरिकेने बँकांसाठी सातशे अब्ज डॉलर मंजूर केले, तेव्हा त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. सढळ हाताने द्या, हे त्यातले बहुतेकांना आठवले. चढे व्याज आणि चोख तारण फार थोड्यांना.